आईच्या डोळ्यांतली रेती : नोंदवही

११ नोव्हेंबर २०२४

आजपासून वही सुरू. नाशिकला, अंबडच्या एमआयडीसीत मी क्वालिटीला आहे. पार्ट मापात बसत नसेल तर काय दिसलं, कधीपासून दिसलं, मध्ये काय बदललं हे लिहून काढल्याशिवाय आम्ही मशीनला हात लावत नाही. आईच्या डोळ्यांच्या बाबतीत मी दोन वर्षं यातलं काहीच केलं नाही. ती म्हणायची, "डोळ्यांत रेती गेल्यासारखं होतंय गं," आणि मी कामावरून येताना मेडिकलमधून एक बाटली घेऊन यायचे.

आई ५९ वर्षांची. सिडकोत, घरीच ब्लाउज शिवते. दिवाळीच्या शेवटच्या ऑर्डरी चालू असताना मी शेजारी बसून हुक लावत होते. सुई ओवायला तिला आठ वेळा प्रयत्न करावा लागला. दोऱ्याचं टोक तोंडात धरून काढलं तरी ते भुरभुरीतच राहत होतं, शेवटी तिने ते पेल्यातल्या पाण्यात बुडवलं. मग डोळे मिटून, मशीनवर कपाळ टेकवून दोन मिनिटं बसली. त्या दोन मिनिटांनंतर ही वही काढायचं ठरलं.

तक्रारी तिच्याच शब्दांत : सकाळी पापण्या चिकटतात. दुपारनंतर किरकिर वाढते. उजेड टोचतो. वारा लागला की घळाघळा पाणी येतं. शेवटची तक्रार ऐकून मला नेहमी वाटायचं, एवढं पाणी येतंय तर डोळे कोरडे कसे? आता वाचलं तेव्हा कळलं. डोळा कोरडा पडून चुरचुरला की मेंदू एकदम पाणी सोडायला लावतो. ते पाणी गालावर ओघळून जातं, बुबुळावर टिकत नाही. टिकणाऱ्या अश्रूंचा पातळ थर वेगळा असतो. खाली बुळबुळीत चिकट भाग, मध्ये पाणी, वर तेलाची तलम साय. तेल पापण्यांच्या कडेच्या बारीक ग्रंथींतून येतं. पाणी कमी पडलं तरी डोळा कोरडा, आणि तेल कमी पडून पाणी उडून गेलं तरी कोरडाच.

फळीवर चार बाटल्या सापडल्या. दोन कृत्रिम अश्रूंच्या. एक लाली घालवणारी, जिने रक्तवाहिन्या आकसतात आणि असर उतरला की डोळा पहिल्यापेक्षा लाल होतो. चौथी बाटली मी हातात धरून बराच वेळ उभी राहिले. तिच्यात अँटिबायोटिकबरोबर स्टेरॉइड आहे. चिठ्ठीशिवाय, "लाल झालेत ना, हे टाका," म्हणून मेडिकलवाल्याने दिलेली. आई ती अधूनमधून सात-आठ महिने टाकतेय, कारण तिनेच जरा बरं वाटतं. वाटणारच, स्टेरॉइडने सूज उतरते. पण असं लांबवत नेलं तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही. दुकानातून ती बाटली मीच आणली होती.

१४ नोव्हेंबर

डोळ्यांचे डॉक्टर, पहिली भेट. दीड तास बसलो, आत चार मिनिटं. दाब तपासून घेतला, हे महत्त्वाचं काम झालं. उजवा १७, डावा १८. एकवीसपर्यंत ठीक मानतात. मोठं ओझं उतरलं. स्टेरॉइडची बाटली बंद करायला सांगितली.

बाकी, "वय झालं की होतं असं. हे थेंब सहा वेळा टाका." कसला कोरडेपणा, किती, का, यातलं काही नाही. आईने तोंड उघडलं तोवर पुढच्या पेशंटला हाक गेली होती. रिक्षात ती म्हणाली, "जाऊ दे, वयच झालंय." हे मला पटलेलं नाही.

थेंब : कार्बॉक्सिमिथाइलसेल्युलोज, ०.५ टक्के. म्हणजे कृत्रिम अश्रूच.

२५ नोव्हेंबर

अकरा दिवस, दिवसाला सहा वेळा. एकही डोस चुकलेला नाही, वेळा मी स्वतः लिहिल्यात. किरकिर थोडी कमी, पण थेंब टाकल्यावर आग होते आणि पाचव्या-सहाव्या वेळी ती जास्त होते.

कंपनीतलं भिंग घरी आणून लेबल वाचलं. डोळ्यांच्या रोग्याला वाचता येणार नाही इतक्या बारीक अक्षरांत डोळ्यांच्या औषधाचं लेबल छापतात, याचा मला मनापासून राग आला. शेवटच्या ओळीत : प्रिझर्व्हेटिव्ह, बेंझाल्कोनियम क्लोराइड. बाटली उघडल्यावर जंतू वाढू नयेत म्हणून घालतात. पण हा पदार्थ साबणाच्या जातीचा आहे. जंतूंचं आवरण फोडतो, तशीच अश्रूंवरची तेलाची सायही विस्कटतो आणि बुबुळाच्या वरच्या पेशींना दुखावतो. दिवसातून दोन वेळा टाकणाऱ्याला बहुधा जाणवत नाही. चारपेक्षा जास्त वेळा थेंब लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले घ्यावेत, असा सर्वसाधारण नियम आहे. आईला सहा वेळा सांगितले होते.

म्हणजे 'कुठला ब्रँड चांगला' हा प्रश्नच मी चुकीचा विचारत होते. आत औषध कोणतं, प्रिझर्व्हेटिव्ह कोणतं, दिवसात किती वेळा, हे आधी बघायला हवं होतं.

फोनवर विचारून तूर्त चार वेळांवर आणलं. दुसरी तज्ज्ञ शोधायची, कॉर्नियाचं, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाचं काम करणारी.

२ डिसेंबर

मोजमापाशिवाय सुधारणा कळणार नाही. कोरड्या डोळ्यांसाठी बारा प्रश्नांची एक प्रश्नावली जगभर वापरतात. ओएसडीआय म्हणतात तिला. गेल्या आठवड्यात उजेड टोचला का, खुपलं का, वाचताना, टीव्ही बघताना अडलं का, वाऱ्यात त्रास झाला का, असे प्रश्न. प्रत्येकाला शून्य ते चार गुण. बेरजेला २५ ने गुणायचं आणि जितक्या प्रश्नांची उत्तरं दिली तितक्यांनी भागायचं. बारापर्यंत ठीक, तेहतीसच्या वर तीव्र.

जेवण झाल्यावर आईला एकेक प्रश्न मराठीत करून विचारला. रात्री गाडी चालवणं आणि एसीची जागा हे दोन तिला लागू नाहीत. उरले दहा. बेरीज १९. आकडा आला ४७.५.

आई म्हणाली, "म्हणजे मी उगाच कुरकुर करत नव्हते." एवढंच. मला पुढचं काही लिहवत नव्हतं, म्हणून वही तिथेच मिटली होती. ही ओळ सकाळी लिहितेय.

१० डिसेंबर

थंडी चांगलीच पडलीय, निफाडचा पारा एक आकडी झालाय. हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात, मग डोळ्यांचं काय.

रविवारी आई शिवत असताना घड्याळ लावून तिच्या पापण्यांची उघडझाप मोजली. गप्पा मारताना मिनिटाला सोळा. मशीनवर शिलाई घालताना पाच. सुईवर नजर रोखली की पापणी लवायचीच थांबते. मोबाइलवर आपल्या सगळ्यांचं हेच होतं. प्रत्येक उघडझापेला पापणी तेलाची साय नव्याने पसरते, ती थांबली की थर फाटतो.

तीन बदल केले. मशीन खिडकीसमोरून काढून आडवं लावलं, म्हणजे वारा तोंडावर येत नाही. रात्रीचा पंखा बंद. आणि दर बॉबिन भरताना दहा वेळा डोळे पूर्ण, सावकाश मिटायचे. घड्याळाने आठवण राहत नाही, बॉबिनने राहते, ही युक्ती आईचीच.

औषधांचा डबाही तपासला. सर्दीसाठी रात्रीची सेट्रिझिन ती तीन हिवाळे रोज घेतेय. अशा गोळ्यांनी नाकाचं पाणी आटतं तसं डोळ्यांचंही आटतं. फॅमिली डॉक्टरांना विचारून बंद केली.

१८ डिसेंबर

दुसऱ्या डॉक्टर, गंगापूर रोडला. सिटीलिंकच्या बसने गेलो, आई पदराने डोळे झाकून बसली होती. वहीची पानं आणि चारही बाटल्या पिशवीत घालून नेल्या होत्या. डॉक्टरांनी बाटल्या टेबलावर ओळीने मांडल्या, एकेक लेबल वाचलं आणि मग आईकडे वळून म्हणाल्या, "काकू, आता तुम्ही सांगा. घाई नाही." आई अकरा मिनिटं बोलली.

मग तपासण्या. पहिली शर्मर टेस्ट. पाच मिलिमीटर रुंदीची गाळणकागदाची पट्टी, तिचं टोक दुमडून खालच्या पापणीच्या आत अडकवतात. दोन्ही डोळ्यांतून दोन पांढऱ्या पट्ट्या गालावर लोंबत होत्या आणि आई मांडीवर हात ठेवून न हलता बसली होती. पट्टीवर मिलिमीटरच्या खुणा असतात. कागद शोषत जातो तशी ओलीची कड खाली सरकते. धडधाकट डोळ्यात पाच मिनिटांत ती दहा-पंधराच्या पुढे जाते. मी त्या कडेकडे बघत होते. एक मिलिमीटर. दोन. मग ती थांबलीच. पाच मिनिटांनी उजवा ३, डावा ४. रोज मायक्रॉनमध्ये मापं घेणारी मी, पण तीन मिलिमीटर इतके कमी असतात हे मला आज कळलं.

दुसरी तपासणी : डोळ्यात केशरी रंगाची पट्टी टेकवून निळ्या प्रकाशात बघायचं. अश्रूंचा थर हिरवा चमकतो आणि कुठे फाटला की काळा ठिपका दिसतो. दहा सेकंद तरी टिकायला हवा. आईचा चार सेकंदांत फाटला. बुबुळाच्या खालच्या भागात बारीक टिंबंटिंबं, तिथल्या पेशी दुखावलेल्या.

तिसरं, पापणीची कड बोटाने हलकेच दाबून पाहिली. ग्रंथींतून खोबरेल तेलासारखं पातळ तेल यायला हवं. आलं ते थंडीत थिजलेल्या तुपासारखं, पांढरट, दाट.

म्हणजे दोन्ही. पाणीही कमी, तेलही अडलेलं.

मग त्यांनी विचारलं, "काकू, तोंड कोरडं पडतं का? भाकरी पाण्याशिवाय गिळता येते?"

आई म्हणाली, "दर घासाला घोट लागतो. चिवडा तर वर्षभर खाल्ला नाही, टाळ्याला चिकटतो."

नाशिकची बाई वर्षभर चिवडा खात नाही आणि घरात कुणाच्या लक्षात येत नाही. तिच्या उशाशी रात्री तांब्या असतो, तो दोनदा रिकामा होतो, हे मी रोज बघत होते. पहाटे बोटं आखडतात, ते आम्ही शिलाईवर ढकललं होतं. घरी येऊन ११ नोव्हेंबरचं पान काढलं. दोरा तोंडात धरूनही ओला होत नव्हता, असं मीच लिहिलंय. लिहिलं, पण वाचलं नव्हतं.

रक्ताच्या तपासण्या दिल्या : एएनए, एसएसए आणि एसएसबी अँटिबॉडी (शरीर स्वतःवरच उलटलंय का ते बघायला), साखर, थायरॉइड.

औषधं : प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले सोडियम हायालुरोनेटचे थेंब ०.१ टक्के (हेही कृत्रिम अश्रूच), एकवेळच्या कुप्यांमध्ये, सहा वेळा. रात्री झोपताना दाट जेल, त्याने थोडा वेळ धूसर दिसतं म्हणून दिवसा नाही. रोज पापण्यांना शेक.

२२ डिसेंबर

कुप्यांची शिकवणी. प्लॅस्टिकची करंगळीच्या पेराएवढी कुपी, टोक पिळून तोडायचं. आईच्या आखडलेल्या बोटांना ते जमेना. दोनदा टोकाऐवजी कुपीच दबली आणि औषध हातावर. शेवटी तिनेच शिलाईच्या पेटीतला चिमटा काढला. स्पिरिटने पुसून त्या चिमट्याने टोक पिळते, हाताला एकदम बसलं.

थेंब टाकण्याची पद्धतही दोन वर्षं चुकत होतो. आई एका डोळ्यात तीन-तीन थेंब टाकायची. डोळ्यात एका थेंबाचीच जागा असते, बाकीचं गालावर जातं. आता : हात धुवायचे, मान मागे, खालची पापणी ओढून खोबण करायची, त्यात एक थेंब, टोक पापणीला लागू द्यायचं नाही. मग डोळे मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने मिनिटभर दाबायचा, म्हणजे थेंब घशात उतरत नाही. दुसरं औषध टाकायचं असेल तर मध्ये निदान पाच मिनिटं.

उघडलेली कुपी दुसऱ्या दिवशी वापरायची नाही, थोडं उरलं तरी टाकून द्यायची. आईचा जीव तुटतो टाकताना. तिला २०२३ चं सांगितलं. आपल्याच देशात बनलेले, प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले पण अनेकदा वापरायच्या बाटलीतले थेंब अमेरिकेत गेले, त्यांत औषधांना न जुमानणारे स्यूडोमोनास जंतू निघाले, माणसांची दृष्टी गेली, काही दगावली. प्रिझर्व्हेटिव्ह काढलं की जंतूंना अडवायची दुसरी सोय लागते. एक तर एकवेळची कुपी, नाहीतर आत जंतू शिरू न देणारी खास बाटली.

खर्च साध्या बाटलीच्या कितीतरी पट. पुण्याहून दादाने महिन्याचा वाटा पाठवायचं कबूल केलं, न मागता. जनऔषधी केंद्रात चौकशी केली. कार्बॉक्सिमिथाइलसेल्युलोजची बाटली तिथे फार स्वस्त मिळते, कुप्या आज नव्हत्या. ज्यांना दिवसातून दोन-तीनदाच थेंब लागतात त्यांनी महाग ब्रँड घेण्याआधी तिथे जरूर जावं.

३० डिसेंबर

शेकाचं काम अडलं होतं, आज सुटलं. थिजलेलं तेल वितळायला पापणीला चाळीस अंशांच्या जरा वर ऊब हवी आणि ती आठ-दहा मिनिटं टिकायला हवी. गरम पाण्यात पिळलेला रुमाल ठेवून कंपनीच्या थर्मामीटरने बघितलं, दोन मिनिटांत पस्तीसच्या खाली. म्हणजे आठवडाभर आपण नुसते डोळे ओले करत होतो.

आईने उरलेल्या सुती अस्तराची लांबट पिशवी शिवली, मधोमध नाकासाठी खाच, आत दोन मुठी जवस. तव्यावर मंद आचेवर मिनिट-दीड मिनिट, उलटसुलट. जवस ऊब धरून ठेवतो, डोळ्यांच्या खळग्यात नीट बसतो. आठ मिनिटांनीही चाळीसच्या आसपास. आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचं, तिथे सोसवलं तरच डोळ्यांवर. पापणीची कातडी फार नाजूक, भाजायला वेळ लागत नाही.

शेकानंतर वरची पापणी वरून खाली, खालची खालून वर, बोटाने हलकेच निरपायची. पिशवीला तिने निळी पायपिंगही लावलीय.

८ जानेवारी २०२५

रिपोर्ट आले. एसएसए पॉझिटिव्ह. साखर, थायरॉइड ठीक.

डॉक्टरांनी शोग्रेन सिंड्रोमचं नाव घेतलं. शरीराची संरक्षक यंत्रणा चुकून स्वतःच्याच अश्रूंच्या आणि लाळेच्या ग्रंथींवर उलटते. हेन्रिक शोग्रेन हे स्वीडनचे डोळ्यांचे डॉक्टर, त्यांनी १९३३ साली आपल्या प्रबंधात डोळे कोरडे, तोंड कोरडं आणि सांधे दुखणाऱ्या बायकांचा हा आजार सविस्तर मांडला. दहा रोग्यांत नऊ बायका, बहुतेकींना पाळी जाण्याच्या आगेमागे दिसतो. म्हणूनच 'वय झालं' या दोन शब्दांखाली तो सहज झाकला जातो.

पूर्ण बरा होत नाही, आवरता येतो. पुढे संधिवाततज्ज्ञांकडे पाठवलंय.

आईला रात्री सांगितलं. ती घाबरेल असं वाटलं होतं. तिने नाव दोनदा म्हणून बघितलं आणि विचारलं, "चिठ्ठीवर लिहून ठेव, मावशीला सांगायचंय."

१५ जानेवारी

काल संक्रांत. मावशी आली होती. "ताई, मध घाल डोळ्यांत, आपली आजी घालायची." आणखी कुणी गुलाबपाणी म्हणालं, कुणी एरंडेल. सगळं मायेपोटी. पण स्वयंपाकघरातली कुठलीच वस्तू निर्जंतुक नसते, आणि आईच्या बुबुळावर आधीच जखमा आहेत. मावशीला समोर बसवून कुपी दाखवली, कशासाठी ते सांगितलं. मग तीच म्हणाली, "मध गुळपोळीबरोबर खाऊ." आईने गुळपोळी भरपूर तूप घालून खाल्ली. तिळाचा लाडू मात्र नाही जमला.

४ फेब्रुवारी

संधिवाततज्ज्ञ. सांधे, कानाखालच्या लाळग्रंथी, मानेतल्या गाठी नीट दाबून पाहिल्या. या आजारात क्वचित लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कर्करोग होऊ शकतो, म्हणून गाल किंवा गळा एकाएकी सुजून तसाच राहिला तर लगेच यायचं. सांधेदुखीसाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन २०० मिलिग्रॅम, रोज एक. ही गोळी जास्त मात्रेत वर्षानुवर्षं घेतली तर डोळ्याच्या आतल्या पडद्याला इजा करू शकते. म्हणून वजनाच्या दर किलोला पाच मिलिग्रॅमच्या आत ठेवतात. आई ५२ किलो, म्हणजे मर्यादा २६०. दोनशे त्यात बसते. तरी सुरुवातीची पडद्याची तपासणी वर्षाच्या आत करून ठेवायची आणि पाच वर्षांनंतर दर वर्षी.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सायक्लोस्पोरिन ०.०५ टक्के सुरू केलं, दिवसातून दोनदा. हे नुसतं ओल देणारं औषध नाही, ग्रंथींतली सूज कमी करणारं आहे. त्यांनी आधीच बजावलं : "आग होईल. तीन महिने काही फरक वाटणार नाही. मध्येच सोडू नका." हे आधी सांगितल्याबद्दल त्यांचे आभार मानायला हवेत.

१ मार्च

सायक्लोस्पोरिनचा पंचविसावा दिवस. आग होते, पंधरा-वीस मिनिटं. काल रात्री आई म्हणाली, "नको मला हे. आंधळी झाले तरी चालेल, पण ही आग नको." भांडण झालं नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. थोड्या वेळाने तीच आली आणि म्हणाली, "तीन महिने म्हणाल्या ना? मग मेपर्यंत."

डॉक्टरांना फोन. आधी कुपीतला साधा थेंब टाकून पंधरा मिनिटांनी हे टाकायचं. आज तसं केलं, आग सोसण्याजोगी.

ओमेगा-३ च्या कॅप्सूल घ्याव्यात का तेही विचारलं. २०१८ साली अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात ५३५ रोग्यांना वर्षभर रोज तीन ग्रॅम ओमेगा-३ नाहीतर ऑलिव्ह तेल दिलं, दोन्हींत विशेष फरक आला नाही. तो पैसा कुप्यांना वापरायचा.

२३ मार्च

आईच्या भिशीत विषय निघाला. सात बायकांपैकी चौघींनी 'आम्हालाही तसंच होतं' म्हटलं आणि ड्रॉपचं नाव मागितलं. मी नाव दिलं नाही, आणि त्यांना ते आवडलं नाही. एकजण दिवसभर मोबाइलवर, एकीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, एक झोपेची गोळी घेणारी, आणि एकीला आईसारखंच दर घासाला पाणी लागतं. चौघींना एकच बाटली कशी चालेल? नावाऐवजी प्रत्येकीच्या कागदावर तिची लक्षणं, चालू गोळ्या आणि आधी टाकलेले थेंब लिहून दिले. ज्यांना खासगी परवडत नाही त्यांना त्र्यंबक रोडच्या जिल्हा रुग्णालयात डोळ्यांच्या विभागात जायला सांगितलं. पाणी लागणाऱ्या काकूंबरोबर शनिवारी मी जातेय.

आणि चौघींनाही : एकच डोळा एकाएकी लाल झाला, ठणका लागला, किंवा नजर धूसर झाली तर कोरडेपणा समजून घरी थांबायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर.

१२ एप्रिल

ऊन वाढलंय. कूलर लावला. त्याने हवेला ओल येते, पण झोत अंगावर नको, म्हणून तोंड भिंतीकडे. बाहेर जाताना बाजूंनीही झाकणारा मोठा चष्मा. कुप्या आता जनऔषधीत नाही पण रविवार कारंज्याजवळच्या एका होलसेल दुकानात पूर्ण खोकं घेतल्यावर बऱ्याच स्वस्त पडतात.

६ मे

तीन महिने पूर्ण. मापं :

शर्मर उजवा ४, डावा ५. जवळपास तसंच. पाणी फारसं परत आलेलं नाही, हे मान्य करायला हवं. अश्रूंचा थर फाटायला सात सेकंद, डिसेंबरमध्ये चार होते. बुबुळावरची टिंबं उजवीकडे पूर्ण गेली, डावीकडे थोडी आहेत. पापणीतून तेल पातळ येतंय, डॉक्टरांनी शेकाची पिशवी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि आणखी चार शिवून मागितल्या, पैसे देऊन. प्रश्नावलीची बेरीज ११, म्हणजे २७.५. तीव्रमधून मध्यमवर.

पाणी वाहून नेणारी छिद्रं पापणीच्या कोपऱ्यात असतात, ती सिलिकॉनच्या बारीक बुचाने बंद करून आहे ते पाणी डोळ्यातच ठेवता येतं. त्याचं बोलणं झालं. आधी सूज आणखी उतरू दे, नाहीतर सुजेचं पाणीच आत साठून राहतं, म्हणून ऑगस्टमध्ये ठरवायचं. त्यानेही भागलं नाही तर आईच्याच रक्तातून काढलेल्या सीरमचे थेंब, पण ते सतत थंड ठेवून सांभाळावे लागतात. तो विचार आत्ता नाही.

घरी आल्यावर आई मशीनवर बसली. सुई तिसऱ्या वेळी ओवली गेली. दोरा मात्र पेल्यातच बुडवते, तोंडाची कोरड तशीच आहे.

१९ मे

लाळ कमी म्हणजे दात किडणार. दाढेत दोन ठिकाणी काळं दिसतंय. दातांच्या डॉक्टरांची गुरुवारी साडेपाचची वेळ घेतली. नेताना एसएसएचा रिपोर्ट, गोळीची चिठ्ठी, पाण्याची बाटली. दुपारचा थेंब चार वाजता घरीच टाकून निघायचं, चिमटा पर्समध्ये.

पिशव्या : दोन झाल्या, दोन बाकी. निळी पायपिंग संपली, आई म्हणते हिरवी चालेल.